पट्टीतलं टक्कल

माझं तोंड वाईट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं फसवलं. माहेरी शेजारणी माझ्या आईला सांगायच्या, "या पोरीला सासर मिळंल, शेजार मिळणार नाही." सासर मिळालं आणि ते सुरतेत मिळालं. लिंबायतच्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी कापडाचे लूम खडखडत असायचे. तिथं ओरडल्याशिवाय मीठ मागितलेलंसुद्धा कुणाला ऐकू येत नसे. त्यामुळं जे तोंड गावी खपलं नसतं, ते इथं कामाला आलं. शेजार तर असा मिळाला की विचारू नका.

आणि याच तोंडानं मला नोकरी दिली. खोटं नाही सांगत. हजीऱ्याला एका मोठ्या कारखान्याच्या कुंपणाबाहेर, खाडीच्या काठाकाठानं, झाडांची लांबलचक पट्टी आहे. अलीकडं कारखाना, पलीकडं खाडी ओलांडली की गाव, आणि मधे ही पट्टी. कारखान्याचा धूर, धूळ, आवाज तिथंच अडावा, समुद्राचं पाणी चढलं तर त्याचा जोरही तिथंच मोडावा, म्हणून ती राखायची, अशी सरकारची अट. तिथं बांधकाम करायचं नाही, ट्रक लावायचे नाहीत, झाड तोडायचं नाही. वरच्या कोरड्या बाजूला कडुनिंब, करंज, गोरसआंबली म्हणजे आपली विलायती चिंच. खालच्या चिखलात चेर. भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारं झाड ते. कोकणातले लोक त्याला तिवर म्हणतात. आमच्या धुळ्याकडं त्याला नावच नाही, कारण आमच्याकडं समुद्रच नाही.

ही पट्टी सांभाळणाऱ्या ठेकेदाराला एक मुकादम बाई हवी होती, जिचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईल. आमच्या गल्लीतल्या एकानं माझं नाव सुचवलं. ठेकेदार म्हणाला, जरा ओरडून दाखवा. मी ओरडले. तो म्हणाला, उद्यापासून या.

माझ्या टोळीत सगळ्या आमच्याच बाया. कुणी शिरपूरकडची, कुणी अमळनेरची, कुणी साक्रीची. सकाळी टेम्पो आम्हाला गल्लीच्या तोंडाशी उचलायचा आणि तापीचा पूल ओलांडून हजीऱ्याला सोडायचा. रस्ताभर आमची अहिराणी सुरू. काम काय, तर रोपं चिखलात लावायची, भरतीनं आणून टाकलेलं प्लास्टिक वेचायचं, पाणी आत-बाहेर करणारे चर मोकळे ठेवायचे, आणि गुरांना आत शिरू द्यायचं नाही. दुपारी कडुनिंबाखाली बसून भाकरी खायची. सुरतेत आल्यापासून सावली असलेलं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं. पहिल्या दिवशी मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, हे काम मी आता मरेस्तोवर सोडणार नाही. लूममुळं त्यांना ऐकू कमी येतं, त्यांनी नुसती मान हलवली.

पण त्या पट्टीला एक टक्कल होतं.

खाडी जिथं वळते, अगदी तिथं, पट्टीच्या मधोमध, चिखलाचा एक मोठा तुकडा उघडा पडला होता. दोन्ही बाजूंना चेर डोक्याएवढे आणि मधे काही नाही. त्या तुकड्यावर काही लोकांचा डोळा होता. त्यांचं म्हणणं, तिथं झाड येतच नसेल तर तेवढा भाग पट्टीतून काढून टाका, तिथून जेटीकडं ट्रकचा रस्ता जाऊ द्या, बदल्यात दुसरीकडं कुठंतरी झाडं लावू. दुसरीकडं म्हणजे कुठं, ते कुणी सांगत नव्हतं. आणि मधून रस्ता गेला की पट्टीचे होणार दोन तुकडे. मग धूळ काय अडणार, कप्पाळ!

वनखात्याचे साहेब पुढच्या दिवाळीनंतर बघायला येणार होते. तुकडा हिरवा दिसला तर पट्टीत राहणार, उघडा दिसला तर रस्ता. आमचा सुपरवायझर हे सांगत होता तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. तरणा पोरगा, झाडांचं शिकून आलेला, मला 'मासी' म्हणायचा. मी त्याला म्हटलं, "साहेब, रडू नका. लावू आपण."

तो म्हणाला, "मासी, दोनदा लावलं ना!"

लावलं होतं, खरं आहे. पहिल्या खेपेला रोपं छान धरली होती. मग त्यांच्या मधे गवत उगवलं, खाऱ्या चिखलातली मोरड उगवली, नाही नाही ते उगवलं. आता सांगा, आम्ही सगळ्या कापसाच्या रानात वाढलेल्या बाया. पिकात तण दिसलं की आमच्या हाताला खाज सुटते. साहेब रजेवर होता. आम्ही पदर खोचले आणि निंदायला बसलो. चिखलात बसून, गाणी म्हणत, असं निंदलं की काडी शिल्लक ठेवली नाही. रोपं एकटी, स्वच्छ, ओळीनं उभी. आम्ही काठावर उभं राहून बघत राहिलो, इतकं देखणं दिसत होतं. मग अमावस्येचं उधाण आलं आणि चिखलासकट सगळं घेऊन गेलं. साहेब रजेवरून आला, बघितलं आणि डोकं धरून बसला. "मासी, आ खेतर नथी!" हे शेत नाही, ते गवतच तिथला चिखल धरून ठेवत होतं म्हणे. आम्हाला कोण सांगणार? शिरपूरवाली तर अजूनही म्हणते, निंदणी चांगलीच झाली होती, पाणीच वाईट आलं.

दुसऱ्या खेपेला गवताला हात लावला नाही. तेव्हा म्हशी आल्या.

म्हशी पलीकडच्या गावातल्या एका डोशीच्या. डोशी म्हणजे म्हातारी, पण समोर तिला सगळे 'बा' म्हणत. अंगानं काटकी, हातात काठी, आणि तोंड? अगं बाई! मला वाटायचं माझ्यापेक्षा वाईट तोंड सुरत जिल्ह्यात नसेल. सुरतेच्या माणसाला प्रेमानं बोलायचं तरी आधी शिवी लागते, हे मी ऐकून होते, पण ही त्यांतली महाराणी. ओहोटीला खाडीत गुडघाभर पाणी राहायचं. तिच्या म्हशी त्यातून चालत यायच्या आणि चेरांची कोवळी, खारट पानं खायच्या. म्हशींना ती पानं म्हणजे बर्फी. दुसरी लावणी त्यांनी अशी साफ केली की आमची निंदणी त्यापुढं काहीच नाही.

चिखलात उतरून म्हशींना हाकलायची सोय नव्हती. पळताना त्या उरलंसुरलंही तुडवतात. काठावरून आवाज द्यायचा, एवढंच हातात. म्हणून तिसरी लावणी झाल्यावर मी रोज ओहोटीला खाडीच्या काठावर उभी राहायला लागले. म्हशींनी पाण्यात पाय टाकला की मी सुरू.

"व डोशी! तुन्या म्हशी आवर, नईतं पाय मोडसू!"

पलीकडून लगेच, "अली मराठण! तारा बापनी खाडी छे?"

"तुना बापनी बी नई!"

तिथून पुढं तिचं सुरती आणि माझी अहिराणी. तिला माझं अर्धं कळायचं, मला तिचं अर्धं. पण शिवी कळायला भाषा लागत नाही. आमचा आवाज चढला की पुढची म्हैस कान हलवायची, दोघींकडं बघायची आणि वैतागून मागं फिरायची. रोजचा नेम झाला. साहेब म्हणायचा, "मासी, कुंपणाला एवढा खर्च केला, तुमच्या तोंडानंच काम होतंय." हिवाळा गेला, उन्हाळा आला, तिसरी लावणी गुडघ्यापर्यंत आली. टकलावर केस दिसायला लागले.

आणि मग आली आखाजी.

अक्षय्य तृतीया म्हणतात ती. आम्हा खानदेशी बायांची ती दिवाळीच. सासुरवाशीण त्या दिवशी माहेरी असायची, झाडाला झोका असायचा, आमरस-पुरणपोळी असायची. पण कारखान्याच्या सुट्ट्यांत आखाजी कुठून असणार? आम्ही कामावर. सगळ्यांची तोंडं लांब. साक्रीवालीनं येताना दोर आणला होता, कडुनिंबाला झोका बांधायला. साहेबानं फांदीला हात लावू दिला नाही. बरोबरच होतं त्याचं, झाड अजून लहान होतं, पण राग आला.

दुपारी भाकरी खाताना एकीनं विषय काढला, "आक्का, तुमच्या गावी नदीवर जायच्या ना बाया?" जायच्या! आमच्या गावी आखाजीला नदीच्या एका काठावर आम्ही आणि दुसऱ्या काठावर पलीकडच्या गावच्या बाया उभ्या राहायच्या आणि एकमेकींना शिव्या घालायच्या. मनसोक्त. आया, मावश्या, नव्या सुना, सगळ्या. वर्षाचं भांडण एका दिवसात भांडून टाकायचं. त्या दिवशी शिवी दिली नाही तर पाऊस रुसतो, असं आमच्याकडं म्हणायचे. बोलता बोलता मी खाडीकडं बघितलं. ओहोटी लागली होती. पलीकडच्या काठावर बाभळीखाली डोशी तिच्या म्हशी घेऊन बसली होती.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी उठले, पदर खोचला आणि म्हटलं, "चला गं!"

सगळ्या मागोमाग आल्या. काठावर ओळीनं उभ्या राहिलो. मी सुरुवात केली, "व डोशी! तुनी चूल इझो!" चूल विझो म्हणताच मागून सगळ्यांनी हो केलं. "तुन्या म्हशी आटोत!" पुन्हा हो. "तुना दूधमा खारं पानी उतरो!" बाया टाळ्या पिटायला लागल्या. शिरपूरवालीनं तिच्या गावच्या अशा काही काढल्या की मीच लाजले.

डोशी उठून उभी राहिली. काठी उचलली आणि म्हशी तिथंच सोडून गावाकडं तरातरा निघून गेली.

तिला काय माहीत आमची आखाजी? तिला वाटणार, मराठणी टोळी करून आल्या. गावातल्या सगळ्यांच्या म्हशी एकदम सोडल्या असत्या तर एका ओहोटीत तिसरी लावणी संपली असती. चौथीला वेळ नव्हता. साहेब धावत आला, "मासी, तमे शुं कर्युं?" काय केलं, ते मला आता कळत होतं.

थोड्या वेळानं पलीकडून धूळ उडताना दिसली. डोशी पुढं, आणि मागं तिची अख्खी गल्ली. म्हाताऱ्या, सुना, कडेवर पोरं घेतलेल्या, एक तर हाताला पीठ लागलेली तशीच आलेली. काठावर ओळीनं उभ्या राहिल्या. डोशीनं कमरेवर हात ठेवला, श्वास घेतला आणि सोडलं.

त्या शिव्या मी इथं लिहू शकत नाही. माझी सून हे वाचणार आहे. पण काय सांगू, त्यांच्यापुढं आमच्या शिव्या म्हणजे आरती! एक संपली की दुसरी, मागून सुना झेलत होत्या, पोरं टाळ्या देत होती. आम्ही आधी घाबरून ऐकत होतो. मग साक्रीवालीला हसू फुटलं. मग मला. मग पलीकडची ती पिठाच्या हाताची हसायला लागली, आणि दोन्ही काठ असे हसत सुटले की डोशीला थांबावं लागलं. ती आम्हाला मारायला लोक आणायला गेली नव्हती. आमची ओळ मोठी आणि ती एकटी, हे तिला पटलं नव्हतं, एवढंच. ओहोटी संपून पाणी चढेपर्यंत चाललं ते. टेम्पोत बसलो तेव्हा सगळ्यांचे घसे बसले होते. अशी आखाजी मला लग्नानंतर मिळाली नव्हती.

टेम्पो पुलावर आला तेव्हा शिरपूरवाली हळूच म्हणाली, "आक्का, आता वर्षभर काय करशील?"

"कशाचं?"

"आखाजीला जिला शिवी दिली, तिला पुढच्या आखाजीपर्यंत द्यायची नाही ना."

व माय! नेम तर तसाच होता. भांडण भांडून टाकलं म्हणजे टाकलं. मग वर्षभर त्या बाईशी तोंड वाजवायचं नाही. मोडलं तर पाऊस जातो. आणि मी एकटीच नाही, टोळीतल्या सगळ्यांनीच शिव्या दिल्या होत्या, सगळ्या बांधलेल्या. ज्या एका तोंडावर टकलावरची लावणी उभी होती, ते मी हौसेनं, टाळ्या पिटत, बंद करून आले होते. त्या दिवशी घरी मी पुरणपोळी खाल्ली नाही. आमच्या ह्यांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं काही नाही, आणि त्यांना तेवढं मात्र बरोबर ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला म्हशी उतरल्या. मी काठावर उभी, पदराचा बोळा तोंडात. साहेब ओरडला, "हट! हट!" म्हशींनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढची म्हैस खाडीच्या मधोमध आली. पलीकडून डोशीनं हाक दिली, "अली मराठण!" मी गप्प. "तारा बापनी खाडी छे?" मी गप्प. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंड उघडलं नाही.

डोशी थांबली. मग लुगडं वर खोचून खाडीत उतरली. म्हशीला मागं टाकून पुढं आली आणि गुडघाभर पाण्यातून माझ्याकडं बघत म्हणाली, "हूं थ्युं? मांदी पडी के?"

आजारी नाही, म्हटलं. मग हिंदी, गुजराती, हातवारे, सगळं करून तिला नेम सांगितला. ती ऐकत राहिली.

"एटले तू मने आखा वरह गाळ नी दे?"

वर्षभर शिवी नाही, म्हटलं.

ती हसली, इतकी हसली की तोल जाऊन पाण्यात बसली. मी हात देऊन तिला काठावर घेतलं. हसू ओसरल्यावर ती चेरांकडं बघत राहिली आणि तिच्या भाषेत जे म्हणाली ते मला पुरतं कळलं. म्हणाली, हे कुंपण घालायच्या आधी माझी सासू इथंच म्हशी चारायची. पट्टी झाली तेव्हा मला कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. एवढी मोठी माणसं गाड्यांतून आली आणि गेली. माझ्याशी रोज येऊन बोलणारी तू एकटी. शिव्या देत होतीस, पण बोलत होतीस.

आपण तिला इतके दिवस चोर समजत होतो, आणि तिची जागा तर आधी आपल्याकडंच आली होती. मी तिला खरं ते सांगितलं. हा तुकडा उघडा राहिला तर इथून रस्ता जाणार, ट्रक जाणार, धूळ तुझ्या दारात. ती म्हणाली, आधी का नाही सांगितलंस? म्हटलं, शिव्यांत वेळच मिळाला नाही.

ती उठली. खाडीत उभ्या असलेल्या म्हशीकडं वळली आणि माझ्या आवाजात, माझ्याच अहिराणीत, जोरात ओरडली, "तुनी चूल इझो!" म्हैस गर्रकन मागं फिरली.

त्या दिवसापासून ते काम तिनंच केलं. आम्ही वरच्या बाजूचं वाळकं गवत आगीच्या भीतीनं कापायचोच, ते आधी कोपऱ्यात कुजायचं. साहेबाला विचारून त्याचे भारे बांधले आणि ओहोटीला तिच्याकडं पोचवायला लागलो. पावसात उधाणं आली, मोठमोठी आली. आम्ही दर वेळी धावत जाऊन बघायचो. गवतानं चिखल धरला, चिखलानं चेर धरले.

दिवाळीनंतर वनखात्याचे साहेब आले. कारखान्याची माणसं बरोबर, रस्ता मागणारेही त्यांत. साहेब चिखलावर टाकलेल्या फळीवरून टकलापर्यंत गेले. टक्कल कसलं आता, कमरेएवढे चेर होते. त्यांनी वाकून बुंधे हलवून बघितले, मुळं बघितली. मग पलीकडं बोट करून हिंदीत विचारलं, "ये भैंसें अंदर नहीं आतीं?" आमचा सुपरवायझर काही बोलणार, तेवढ्यात एका म्हशीनं पाण्यात पाय टाकला आणि पलीकडून माझी अहिराणी आली. म्हैस माघारी. साहेब बघतच राहिले. हसले. जायच्या आधी सगळ्यांसमोर म्हणाले, "ये हिस्सा पट्टी में ही रहेगा."

मी काठाकडं पळाले. डोशीला सांगायचं होतं. पण काठावर पोचले आणि ओरडायला चांगला शब्दच सापडेना. तिला आजवर मी चांगलं असं काही ओरडून सांगितलंच नव्हतं. शेवटी जे आलं ते ओरडले, "बा! आपली जागा राहिली!"

तिनं कानामागं हात नेला. "हूं?"

मागून माझ्या बाया आल्या आणि सगळ्यांनी मिळून आवाज दिला, "आपली जागा राहिली!"

डोशीनं काठी फेकली, लुगडं खोचलं आणि त्या चिखलात, अनवाणी, टाळ्या देत गोल गोल गरबा खेळायला लागली. एकटीच. म्हशी मान वर करून तिच्याकडं बघत होत्या. तिच्या सासूची चराई गेली होती ती गेलीच होती, परत मिळणार नव्हती, तरी आमच्या सगळ्यांत पहिली नाचली ती. मी चपला काढल्या आणि खाडीत उतरले.